विद्यापीठात जाहीर वाचनमालिका सुरू करायची तर

लेखकाने आपलं लिखाण आपल्याच आवाजात वाचायचं, लोकांनी ऐकायचं, मग थोडं बोलणं व्हायचं, आणि हे वर्षभर ठरलेल्या वारी, ठरलेल्या जागी घडायचं. वाचनमालिकेचं स्वरूप एवढंच आहे. छत्रपती संभाजीनगरचं डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ, नांदेडचं स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ, त्यांचे धाराशिव आणि लातूरचे उपपरिसर, संलग्न महाविद्यालयं, यांपैकी कुठेही दोन प्राध्यापक आणि पाच-सहा विद्यार्थी मिळून ती चालवू शकतात. खर्च फार नसतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. पहिला कार्यक्रम मोठ्या नाट्यगृहात, मोठ्या पाहुण्यांसह होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, मनोगत, अध्यक्षीय समारोप यांत दीड तास जातो आणि वाचनाच्या वाट्याला वीस मिनिटं येतात. ज्याला खरोखर ऐकायचं होतं तो पुन्हा फिरकत नाही. म्हणून खालची प्रत्येक सूचना वाचनाची मिनिटं राखण्यासाठी आहे.

वार आणि महिने

शनिवार-रविवार टाळा. वसतिगृहातली बरीच मुलं शनिवारी दुपारीच गावाकडची एसटी धरतात. बुधवार किंवा गुरुवार बरा. पाचला सुरू, साडेसहाला समाप्त. मुलींच्या वसतिगृहाची आत येण्याची वेळ आणि शहराकडे जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ आधी विचारून घ्या आणि मगच ही वेळ पक्की करा. नांदेडचा परिसर विष्णुपुरीला, शहराबाहेर आहे. तिथे शहरातल्या श्रोत्यांच्या परतीचा विचार केला नाही तर सहा वाजल्यापासून एकेक जण उठायला लागतो.

महिने निवडताना परीक्षेच्या वेळापत्रकाइतकंच शेतीचं वेळापत्रक बघावं लागतं. जून-जुलैत प्रवेश आणि पेरणी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सोयाबीनची काढणी, कापसाची वेचणी, हिवाळी परीक्षा आणि दिवाळी. घरी हात हवे असतात, मुलं वर्गातही नसतात. मार्चच्या मध्यानंतर परीक्षा आणि ऊन. उरतात ऑगस्ट, सप्टेंबर, डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्चचा पहिला पंधरवडा. पहिल्या वर्षी महिन्यातून एकच कार्यक्रम ठेवा. सहा होतात, आणि सहा पुरे. दर आठवड्याची घोषणा करून तिसऱ्या आठवड्याला रद्द केलेली मालिका पुन्हा उभी करणं फार जड जातं.

काही तारखा मुद्दाम बघाव्यात. १४ जानेवारीला नामविस्तार दिनानिमित्त संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी सगळ्या मराठवाड्यातून लोक येतात. त्या दिवशी वाचन ठेवू नका, पण त्या आठवड्यात त्या विषयाला धरून ठेवलेलं वाचन चांगलं भरतं. १७ सप्टेंबरच्या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचंही तसंच. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन असल्यामुळे प्रत्येक महाविद्यालयात कार्यक्रम असतो, लेखक दिवसाला दोन-दोन ठिकाणी धावत असतात, तेव्हा आठवडाभर अलीकडची तारीख घ्या. पोळा आणि महालक्ष्म्या या दिवसांत परिसर ओस पडतो. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो, म्हणून तारखा दरवर्षी नव्याने तपासा. त्या महिन्यात कार्यक्रम साडेचारला सुरू करून इफ्तारच्या आधी अर्धा तास मोकळीक ठेवली तर उर्दू विभागातले श्रोतेही शेवटपर्यंत बसू शकतात.

जागा

नव्या मालिकेला चाळीस ते साठ माणसं येतील असं धरा. तेवढी माणसं पाचशे खुर्च्यांच्या नाट्यगृहात विखुरतात आणि वाचणाऱ्याला समोर रिकाम्या रांगा दिसतात. साठ-ऐंशी क्षमतेचा सेमिनार हॉल किंवा ग्रंथालयातला वाचनकक्ष उत्तम. दहा जण उभे राहिले तरी चालतं.

हॉल ठरवण्याआधी कार्यक्रमाच्याच वेळी, म्हणजे पाच वाजता, तिथे पंधरा मिनिटं गप्प बसून बघा. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन वाचणाऱ्याच्या डोळ्यांवर येतं का? शेजारी जनरेटर, मैदान किंवा दुचाकींचा थांबा आहे का? छताचे पंखे पूर्ण वेगात किती घरघरतात? जुना पंखा हा वाचनाचा सगळ्यात मोठा शत्रू आहे, कारण तो बंद केला तर लोक घामाघूम होतात आणि चालू ठेवला तर हळू आवाजातलं वाक्य मागच्या रांगेपर्यंत जात नाही. वाचणाऱ्याच्या डोक्यावरचा पंखा बंद ठेवून बाकीचे मधल्या वेगावर चालवणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. वाचणाऱ्यासाठी खाली एक टेबलफॅन ठेवता येतो, पण त्याचा वारा कागदांवर आणि माईकवर येता कामा नये.

परवानगी आणि पैसे

विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांना एकच पत्र द्या आणि त्यात सहाही तारखा, वेळा, हॉल आणि अंदाजे खर्च लिहा. दर वेळी वेगळी टिपणी फिरवली तर एखादी कुणाच्या तरी टेबलावर अडकते आणि तारीख निघून जाते. मंजुरी आली की तिची प्रत सुरक्षा विभाग, वीजदुरुस्ती बघणारे कर्मचारी आणि ग्रंथपाल यांना स्वतः नेऊन द्या. संध्याकाळी हॉलची किल्ली कुणाकडे असते, त्यांचं नाव आणि फोन नंबर आयोजकांतल्या दोघांकडे हवा.

खर्चात मानधन, प्रवास, चहा, छपाई आणि ध्वनियोजना एवढेच मोठे भाग असतात. मानधन कमी असलं तरी चालेल, पण आकडा पत्रात लिहिलेला असावा आणि प्रवासखर्च त्याच दिवशी हातात मिळावा. त्यासाठी लेखा विभागाकडून आधी अग्रिम, म्हणजे आगाऊ रक्कम, उचलावा लागतो. पंधरा दिवस आधी अर्ज करा. लेखकाकडून पॅनकार्डाची आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत आमंत्रण स्वीकारल्याबरोबर मागवून घ्या, कार्यक्रमानंतर मागितली की ती महिनाभर येत नाही आणि बिल मार्चअखेरच्या गर्दीत सापडतं. रोख पावती ५,००० रुपयांच्या वर असेल तर तिच्यावर एक रुपयाचं महसुली तिकीट लागतं. चार-पाच तिकिटं फाइलमध्ये कायम ठेवा.

लेखक ठरवणं आणि पत्र

एका संध्याकाळी दोन वाचक ठेवा. एक पुस्तक प्रकाशित झालेला लेखक किंवा लेखिका, पंचवीस मिनिटं. दुसरा नवा, विद्यार्थी असला तर फारच छान, दहा मिनिटं. नव्याने आधी वाचायचं. उलट क्रम लावला की मोठं नाव संपताच अर्धा हॉल उठतो आणि नवा माणूस पाठींसमोर वाचतो.

सहा कार्यक्रमांत कविताच कविता येऊ देऊ नका. कथा, आत्मकथन, ललित, नाटकातला प्रवेश, अनुवाद यांना एकेक संध्याकाळ द्या. मराठवाड्यात सामग्रीची वाण नाही. पैठण, अंबाजोगाई, गंगाखेड, नरसी या गावांची संतपरंपरा आहे. ‘अस्मितादर्श’ आणि ‘प्रतिष्ठान’ या नियतकालिकांचे जुने अंक ग्रंथालयात चाळले तर आज कुणाच्या बोलण्यातही नसलेले कथाकार सापडतात. एखादी संध्याकाळ अशा जुन्या अंकांतल्या लिखाणाच्या वाचनाला ठेवली तर मानधनाचा आणि प्रवासाचा खर्चही वाचतो.

आमंत्रणपत्र दीड महिना आधी जावं. त्यात ‘आपण मार्गदर्शन करावे’ असं लिहू नका, कारण मग लेखक भाषण तयार करून येतो. सरळ लिहा: आपण स्वतःचं लिखाण पंचवीस मिनिटं वाचावं, त्यानंतर वीस मिनिटं श्रोत्यांशी बोलणं होईल, काय वाचणार ते पंधरा दिवस आधी कळवावं, ध्वनिमुद्रण होणार आहे, ते जाहीर करायला आपली संमती आहे किंवा नाही ते सोबतच्या कागदावर लिहावं. हॉलचा पत्ता, मानधन, राहण्याची सोय आणि न्यायला कोण येणार हेही त्याच पत्रात. आठवडाभर आधी फोन, आदल्या दिवशी पुन्हा फोन.

दुसऱ्याचं लिखाण वाचायचं असेल तर

लेखक स्वतः वाचत असेल तरी ध्वनिमुद्रण जाहीर करण्याआधी त्याने प्रकाशकाशी झालेला करार बघून घ्यावा. दुसऱ्याचं लिखाण वाचायचं असेल तर कॉपीराइट कायदा, १९५७ लागू होतो. लेखक हयात असताना आणि त्याच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क शिल्लक राहतात. ही वर्षं निधनानंतरच्या १ जानेवारीपासून मोजतात. प्रकाशित साहित्यातला बेताचा उतारा जाहीरपणे वाचायला कलम ५२ मध्ये मुभा आहे. पण अख्खी कथा वाचणं आणि तिचं ध्वनिमुद्रण यूट्यूबवर चढवणं या गोष्टी उताऱ्याच्या मुभेत बसतील असं धरू नका. लेखकाला किंवा वारसांना पत्र लिहून परवानगी घ्या. मागितली तर ती सहसा आनंदाने मिळते. अनुवादाच्या बाबतीत मूळ लेखक आणि अनुवादक असे दोन वेगळे हक्क असतात, हे हमखास विसरलं जातं.

वाचायची प्रत तयार करणं

या कामाला सगळ्यात जास्त वेळ द्या, विशेषतः नव्या वाचकांसोबत. छापील पुस्तकातून थेट वाचू नये. पुस्तक एका हाताने धरावं लागतं, अक्षर बारीक असतं, पान उलटताना वाक्य तुटतं आणि चेहरा पुस्तकाआड जातो.

उतारा युनिकोडमध्ये टाइप करून घ्या. ए-फोर कागद, १६ पॉइंटचं अक्षर, ओळींमध्ये दीडपट अंतर, कागदाच्या एकाच बाजूला छपाई. पानाच्या तळाशी चार बोटं जागा कोरी सोडा, कारण तळातली ओळ वाचताना मान खाली जाते आणि आवाजही खाली जातो. पानाच्या शेवटी वाक्य संपलंच पाहिजे. अर्धं वाक्य पुढच्या पानावर जाऊ देऊ नका. पानांना मोठे क्रमांक द्या, टाचणी किंवा स्टेपल मारू नका, वाचून झालेलं पान उलटं न करता बाजूला सरकवा. श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरं बिघडतात, म्हणून ईमेलने पीडीएफच मागवा आणि दोन दिवस आधी छापून बघा.

आता वेळ. साहित्य वाचण्याचा बरा वेग मिनिटाला साधारण १०० ते ११० शब्द असतो. बातम्या याहून बऱ्याच वेगाने वाचतात, तो वेग इथे उपयोगाचा नाही. पंचवीस मिनिटांसाठी २,५०० शब्द पुरतात. वर सांगितलेल्या मांडणीत एका पानावर सुमारे २४० शब्द बसतात, म्हणजे दहा-अकरा पानं. कवितांचा हिशेब वेगळा. दोन कवितांमध्ये श्वासभर शांतता आणि एखादं वाक्य लागतं, म्हणून मध्यम लांबीच्या दहा-बारा कवितांपुढे जाऊ नका. घरी घड्याळ लावून मोठ्याने एकदा पूर्ण वाचायला सांगा. मनात वाचून काढलेला वेळ नेहमी कमी भरतो.

मग पेन्सिलीने खुणा करा. छोट्या थांब्याला एक तिरकी रेघ, श्वास घ्यायच्या जागी दोन रेघा, जोर द्यायच्या शब्दाखाली रेघ. उदाहरणार्थ:

मायनं भाकर थापता थापताच इचारलं, / ‘आलास का रं बाबा?’ // अन् तव्याकडंच बघत राह्यली.

इथे नवा वाचक हमखास प्रश्नावर आवाज चढवतो आणि पुढचं वाक्य त्याच दमात उरकतो. दोन रेघांपाशी पूर्ण श्वास घेतला तर मायचं तव्याकडं बघत राहणं श्रोत्याच्या डोळ्यांपुढे येतं. जोराची खूण एका वाक्यात एकच असावी. सगळ्याच शब्दांवर जोर दिला की ऐकणारा थकतो. संवाद वाचताना आवाज बदलण्याची नक्कल करू नये. बोलणारी माणसं दोन असतील तर एकदा किंचित डावीकडे, एकदा किंचित उजवीकडे बघितलं तरी पुरतं.

बोलीबद्दल. मराठवाड्यातलं बरंच लिखाण ‘जायलो’, ‘करायलो’, ‘कामून’ अशा बोलीत आहे आणि वाचताना कित्येक जण नकळत ते प्रमाण मराठीकडे वळवतात. प्रत तपासताना हे शब्द जसेच्या तसे टाइप झालेत का ते बघा. संगणकातली शुद्धलेखन तपासणी बंद ठेवा, ती ‘पानी’चं ‘पाणी’ करून टाकते. बंजारा समाजाच्या गोरबोलीतलं किंवा दुसऱ्या बोलीतलं लिखाण असेल तर टाइप केलेली प्रत त्या लेखकानेच वाचून मान्य करावी. सूत्रसंचालकाने ‘ग्रामीण ढंगातलं’ अशी प्रस्तावना करू नये. बोलीला प्रस्तावना लागत नाही.

उर्दू कवी सिराज औरंगाबादींचं शहर असलेल्या ठिकाणी उर्दू आणि दखनीची एक संध्याकाळ ठेवली नाही तर मालिका अपुरी वाटेल. मराठी श्रोत्यांसाठी एका कागदावर शेर नागरी लिपीत छापून खाली आठ-दहा अवघड शब्दांचे अर्थ द्या. नुक्ते, म्हणजे अक्षरांखालची टिंबं, नीट छापले जातात की नाही ते उर्दू विभागातल्या कुणाकडून तपासून घ्या.

माईक

एकच माईक, स्टँडवर, वाचणाऱ्याच्या तोंडापासून साधारण वीतभर अंतरावर आणि समोर न ठेवता जरासा बाजूला, हनुवटीच्या उंचीवर. अगदी समोर ठेवला की ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना हवेचा धक्का थेट बसतो आणि स्पीकरमधून ‘भक्’ असा आवाज येतो. फोमची टोपी घाला, दहा-वीस रुपयांच्या या वस्तूने अर्धा त्रास जातो. हातात धरायचा माईक नको. एक हात अडकतो, पानं सरकवता येत नाहीत आणि अंतर सतत बदलतं.

शिट्टी येते ती स्पीकरचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरतो म्हणून. दोन्ही स्पीकर वाचणाऱ्याच्या पुढे, श्रोत्यांकडे तोंड करून ठेवा, मागे कधीच नाही. तरीही आली तर आधी आवाज थोडा कमी करा. माईकवर हाताने झाकण घातलं तर शिट्टी वाढते. ‘इको’ पूर्ण बंद. लग्नात ध्वनियोजना करणारी मंडळी सवयीने तो चालू ठेवतात आणि मग गद्य कळेनासं होतं. चाचणी ‘हॅलो, हॅलो’ म्हणून करू नका. वाचक आधी आला असेल तर त्यालाच पहिला परिच्छेद वाचायला सांगा आणि एकाने शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून ऐकावं. हॉल भरल्यावर आवाज थोडा दबतो, तेव्हा रिकाम्या हॉलमध्ये किंचित जास्त वाटेल इतका ठेवा.

वीज जाणार हे गृहीत धरा. बॅटरीवर चालणारा एक छोटा स्पीकर पूर्ण चार्ज करून ठेवा आणि वाचनाच्या टेबलावर चार्जिंगचा दिवा. वीज गेली की सूत्रसंचालकाने मध्ये बोलू नये. वाचक अर्धं मिनिट थांबतो, दिवा लागतो, वाचन पुढे जातं.

नव्वद मिनिटं

५.०० स्वागत आणि दोन्ही वाचकांची ओळख, मिळून पाच मिनिटं
५.०५ नव्या लेखकाचं वाचन, दहा मिनिटं
५.१५ मुख्य वाचन, पंचवीस मिनिटं
५.४० प्रश्न आणि बोलणं, वीस मिनिटं
६.०० खुलं वाचन, पंधरा मिनिटं
६.१५ चहा, पुस्तकं, भेटीगाठी

ओळख दोन-तीन वाक्यांची. पुरस्कारांची यादी वाचू नका, पाहिजे तर ती पत्रिकेत छापा. शाल-श्रीफळ द्यायचंच असेल तर ते चहाच्या वेळी द्या. त्याऐवजी एखादं पुस्तक दिलं तर अधिक चांगलं. व्यासपीठावर वाचक एकटा असावा. मान्यवरांसाठी पहिल्या रांगेत जागा ठेवा आणि ‘दोन शब्द’ बोलण्याचा आग्रह होणार असेल तर आदल्या दिवशीच त्यांना भेटून कार्यक्रमाचं स्वरूप सांगा. आधी सांगितलेलं बहुतेक जण समजून घेतात, जागेवर नाही म्हटलं तर मान दुखावतो. समोर पाच माणसं असली तरी पाचला सुरू करा. सलग तीन कार्यक्रम वेळेवर सुरू झाले की लोकच वेळेवर येऊ लागतात.

उपस्थिती प्रमाणपत्राचं आमिष दाखवून वर्गच्या वर्ग आणून बसवू नका. मागच्या रांगांत मोबाइल उघडले जातात आणि वाचणाऱ्याला ते दिसतं.

प्रश्नांच्या वेळी पहिला प्रश्न विचारायला एखादा विद्यार्थी तयार ठेवा, नाहीतर सुरुवातीची दोन मिनिटं सगळे एकमेकांकडे बघत बसतात. प्रश्नाऐवजी भाषण करणारे एक-दोघे प्रत्येक गावात असतात. त्यासाठी प्रश्न चिठ्ठीवर मागवणं सोपं. चिठ्ठ्या असल्या की लाजणाऱ्या मुलीही विचारतात, आणि चांगले प्रश्न बऱ्याचदा त्यांचेच असतात. खुल्या वाचनात पाच जण, प्रत्येकी तीन मिनिटं. नावं पावणेपाचपासून दाराशी लिहून घ्या, पाच झाली की वही मिटा आणि उरलेल्यांची नावं पुढच्या कार्यक्रमाच्या यादीत वर लिहा. तीन मिनिटं झाली की पहिल्या रांगेतून पिवळा कागद दाखवायचा, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

पुस्तकांची विक्री दाराच्या आत, चहाच्या टेबलाशेजारी. लेखकाची वीस-पंचवीस पुस्तकं न विकली गेल्यास परत घेण्याच्या बोलीवर दुकानदार किंवा प्रकाशकाकडून आणा, पावतीवर संख्या लिहून घ्या, सुटे पैसे आणि क्यूआर कोड दोन्ही ठेवा. वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तीनशेचं पुस्तक परवडत नाही, म्हणून ग्रंथपालांशी आधीच बोलून त्या लेखकाच्या दोन प्रती ग्रंथालयात येतील असं बघा.

नंतरचं काम

ध्वनिमुद्रण मोबाइलवर केलं तरी चालतं, पण मोबाइल वाचणाऱ्याच्या टेबलावर, विमान मोडमध्ये आणि खाली रुमाल घालून ठेवा. नाहीतर पानांची सरसर आणि मध्येच आलेला फोन दोन्ही मुद्रित होतात. त्याच रात्री फाइल दोन ठिकाणी साठवा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस आणि शेवटी वाचकाचं नाव लिहा, म्हणजे सहा वर्षांनीही क्रमाने सापडतील. संमतीपत्र, वाचलेल्या लिखाणाची यादी आणि छापलेली प्रत एका पाकिटात घालून आठवड्याच्या आत ग्रंथपालांकडे द्या आणि पोच घ्या. ज्यांनी ध्वनिमुद्रण जाहीर करायला नकार दिला असेल त्यांच्या पाकिटावर ते ठळक लिहा, कारण पुढच्या वर्षी आयोजक बदललेले असतात.